नव्या जिल्ह्याचा दाखला

लातूर, शुक्रवार

प्रिय उमे,

अक्षरावरून ओळखलंच असशील. कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं दिसतं असं तूच म्हणायचीस. लातूरच्या एस.टी. स्टँडवर बाकड्यावर बसून लिहायलोय. शेजारी एक म्हातारी वांग्यांची पाटी घेऊन बसलीय आणि मी काय लिहितोय ते वाकून बघतीय. वाचता येत नसणार, तरी लाज वाटते. उदगीरच्या तीनच्या गाडीवर केरबा कंडक्टर हाय, आपल्या दुकानातून धोतरं नेतो तो. त्याच्याजवळ हे पाकीट देणार हाय. तुझ्याच हातात दे, अप्पांच्याही न्हाई, असं बजावणार हाय. तुम्ही रविवारी निघणार आणि मंगळवारी मुंबईला तुझी मुलाखत, एवढं मला ठाऊक हाय. तेव्हा शेवटपर्यंत वाच. मी मधेच भरकटतो, तरी वाच.

अडीच आठवडे मी कुठं होतो ते घरात कुणी विचारलं का? अव्वानं विचारलं असेल, आई हाय ती. आधी माहूरला गेलो. गडाच्या पायथ्याशी विठाबाई म्हणून एकीचं बांगड्यांचं दुकान हाय, तिथं आठ दिवस बसलो. यंदा देवीला माणूस कमी. प्यायला पाणी न्हाई तर पाय धुवायला कुठलं, म्हणून लोक निम्म्या वाटेतूनच हात जोडतात. बांगड्या भरायचं काम सोपं न्हाई बरं का. हात दाबला की बाया ओरडतात, न दाबला तर बांगडी फुटते आणि विठाबाई ओरडते. मग तिथून लोह्याला गेलो, बैलबाजार बघायला. सगळ्या बैलांच्या बरगड्या दिसत होत्या. नको ते सांगायला. तिथून मुदखेडला, स्टेशनवरच्या चहाच्या गाड्यावर. तिथं मी काय करायचो ते सांगतो, हसू नकोस. ट्रंका घेऊन शिकायला निघालेली पोरं उतरायची. मी कपबशी पुढं करायचो आणि विचारायचो, का हो, बारावीला तीन विषयांत तीनशेपैकी दोनशे एकोणनव्वद पडले तर मुंबईच्या मोठ्या मेडिकलला नंबर लागतो का? कुणी म्हणायचं, लागणारच की! त्याचा मला राग यायचा. मग दुसऱ्याला विचारायचो. एकजण म्हणाला, मराठवाड्यातल्या पोरांना तिथं बोटावर मोजण्याइतक्या जागा, त्यातून उदगीरची पोरगी, अवघड हाय बाबा. त्याला मी आल्याचा चहा करून दिला. मागितला नव्हता तरी दिला.

आता कळलं ना कसा भाऊ मिळालाय तुला.

निकालाचा दिवस आठव. बोर्डाच्या यादीत नाव आलं म्हणून पेपरात तुझा फोटो आला. अप्पांनी तो कापून काचेत घातला आणि दुकानात बसवण्णांच्या तसबिरीशेजारी टांगला. त्या दिवशी कापड कुणी घेतलंच न्हाई, सगळे फोटो बघायला. तंबाखूवाले गुरुबसप्पा काका ओट्यावर बसून तुझा मुंबईचा नंबर किती टक्के लागतो त्याचा हिशेब सांगत होते, जणू पोरींना डॉक्टर करायचं खातं त्यांच्याकडंच हाय. तितक्यात लातूरचे एक व्यापारी आले. अप्पांनी माझ्याकडं हात केला आणि म्हणाले, हा उमाचा भाऊ. नाव सांगितलं न्हाई. दुकानावर पाटी हाय, ‘मन्मथ क्लॉथ सेंटर’. माझ्याच नावाचं दुकान, आणि त्यात मी उमाचा भाऊ!

मी मॅट्रिकला दुसऱ्यांदा आपटलो तेव्हा अप्पांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी गजकाठी हातात घेतली, मला वाटलं आता बसते. त्यांनी ती ठाणावर ठेवली, कापड मोजलं आणि मला म्हणाले, उमीला वह्या लागत्यात, आणून दे. तेवढंच. चौथीपर्यंत वर्गात पहिला मी असायचो, हे आता अव्वालासुद्धा आठवत न्हाई. पाढे तुला मी शिकवलेत. एकोणतीसचा पाढा म्हणताना तू अडायचीस, मी फणकारायचो, तू रडायचीस. आणि आता तूच मला कुठलं काय समजावून सांगायला लागलीस की तुझा तो मऊ आवाज मला सहन होत न्हाई. चिडून बोललीस तर बरं वाटेल. या उन्हाळ्यात टँकर आला की नळकोंडाळ्यावर दोन-दोन तास मी उभा, भांडणं माझी, घागरी माझ्या, आणि पहिला तांब्या तुझ्या खोलीत. अव्वा म्हणायची, डोकं तापतंय पोरीचं. माझंही तापत होतं गं. पण माझं कशानं तापतंय ते कुणाला सांगू?

असो. म्हातारी वांगी घेऊन उठली. मी कुठवर आलो होतो? हां, दाखला.

मुंबईला लागणारा रहिवासी दाखला मी काढून आणला, ते एक काम अप्पांनी माझ्यावर टाकलं होतं. तुला आठवतं, मी तहसीलातून परत आलो तेव्हा तू तो कागद दोन्ही हातांनी घेतलास. म्हणालीस, अण्णा, लई धावपळ झाली का रं? मी न्हाई म्हणालो आणि जेवायला बसलो. उस्मानाबादेतून लातूर वेगळा जिल्हा होऊन वर्ष व्हायला आलं, पण आपल्या तालुक्यात जुनाच गोल शिक्का चालतो. त्यावरचं उस्मानाबाद पेनानं खोडायचं, वर लातूर लिहायचं. सातबारा असो, जन्माचा असो, सगळ्या कागदांवर तीच निळी रेघ. लोक त्याला हसतही न्हाईत आता. तुझ्या दाखल्यावरही तीच रेघ होती. तू बघितलीस, मीही बघितली, अप्पांनी बघितली आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाईलीत लावला. दुसऱ्याच दिवशी मी माहूरला निघालो. का निघालो ते कुणी विचारलं न्हाई, सगळ्यांना वाटलं, मन्याच्या पायाला भिंगरी.

परवा मुदखेडला अहमदपूरकडचे एक शेषेराव भेटले, पोराला घेऊन पुण्याहून परतलेले. पोराचे मार्क चांगले, इंजिनिअरिंगला बोलावणं आलेलं. मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला, नंबर लागतो का? ते हसायला लागले. म्हणाले, नंबर लागला होता की, कागदच लागला न्हाई. आणि खिशातून दाखला काढून माझ्यापुढं धरला. तोच शिक्का, तीच निळी रेघ. तिथल्या साहेबानं विचारलं म्हणं, खाडाखोड कुणी केली, तुम्हीच केली का? हे सांगत होते, साहेब, आमच्याकडं असंच असतंय. साहेबानं कागद बाजूला काढला आणि पुढच्याला हाक मारली. उमे, खोटं कशाला लिहू, ते ऐकून मला आधी आनंद झाला. त्या पोरानं चहाला हात लावला न्हाई. शेषेरावांनी मात्र तो कागद घडीवर घडी घालून परत आतल्या खिशात ठेवला, वरून थोपटला. आता त्याचा काय उपयोग होता? तरी थोपटला. मी कपबशा तशाच टाकल्या आणि उदगीरची गाडी धरली. घरी आलो न्हाई. मागच्या गल्लीनं तहसीलात गेलो.

आता तुला सांगायचं ते सांगतो. तहसीलातल्या किशनरावांनी त्या दिवशी मला बसवून सांगितलं होतं. म्हणाले, मन्मथ, हा कागद उदगीरात चालतो, लातुरात चालतो, मुंबईत न्हाई चालायचा. सोमवारी नवा शिक्का येणार हाय, तीन दिवस थांब, नवा करून देतो. मी म्हणालो, चालतंय, हाच द्या. ते म्हणाले, बहिणीच्या जन्माचा प्रश्न हाय रे. मी म्हणालो, घाई हाय. घाई कसली होती मला? काही काम नव्हतं माझ्या मागं. मला ठाऊक होतं उमे. तुझ्या दोन्ही हातांत तो कागद दिला तेव्हाही ठाऊक होतं. काल किशनरावांनी मला दारात बघितलं आणि कपाट उघडलं. तुझा अर्ज अजून होता. त्यावर नवा दाखला केला, नवा शिक्का मारला, पण तहसीलदार साहेब टंचाईच्या बैठकीला लातूरला, म्हणून सहीसाठी मी इथं आलो. आज सकाळपासून कलेक्टर कचेरीबाहेर उभा होतो. तिथंही मनात हेच येत होतं की साहेबांनी म्हणावं, आज न्हाई, सोमवारी ये. म्हणजे मी धडपड केली असंही होईल आणि तुझं जाणंही राहील. साहेब बाहेर आले, जीपच्या टपावर कागद ठेवून सही केली आणि विचारलं, कोण तुझी? लागंल का नंबर तिचा? मी म्हणालो, लागतोय साहेब. इतक्या जणांना विचारत हिंडलो, पण उत्तर मलाच द्यावं लागेल असं कधी वाटलं नव्हतं. नवा दाखला या पाकिटात हाय. तारीख, नाव, जिल्हा, सगळं बोट ठेवून वाचलंय, कुठं रेघ न्हाई. फाईलीतला जुना काढ आणि हा लाव, आजच लाव. अप्पांना काय सांगायचं ते तू ठरव, खरं सांगितलंस तरी मी तक्रार करणार न्हाई. तुझ्यावरचा राग अजून गेलेला न्हाई माझ्या मनातून, तो या कागदासोबत पाठवता आला असता तर पाठवला असता. नंबर लागला तर मला कळवू नकोस, सारं उदगीर ओरडंल, मी जिथं असेन तिथं ऐकू येईल. न्हाई लागला तर मात्र मुदखेड स्टेशनच्या चहाच्या गाड्यावर कार्ड टाक. त्या दिवशी मी येतो.

तुझाच,
मन्मथअण्णा