लँगलीतल्या मोलचा अहिंसक बंदोबस्त

१४ मे २०१७, रविवार
सकाळी लेकीच्या इथल्या, कॅनडातल्या लँगलीच्या घराच्या बॅकयार्डात मातीचे सात ढीग. तीन तर माझ्या मेथीच्या वाफ्यात. शेजारचा जेराल्ड कुंपणावरून म्हणाला, "काका, मोल आलाय." जेराल्ड मूळचा वसईचा, तीस वर्षं कॅनडात. मोल म्हणजे आपल्या चिचुंद्रीसारखा प्राणी. जमिनीखाली बोगदे खणतो, गांडुळं खातो. नावच मोल, पण कवडीमोलाचा.
देवयानीने बजावलं, "बाबा, मारायचं नाही हं." मला हसू आलं. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढली, कालवे वळवले. आमचं कराडचं तिकीट १२ ऑगस्टचं. हे काम आठवड्याचं.

१५ मे
एरंडेल. वास मोलला सोसत नाही, असं इंटरनेटवर आहे. बायकोने, शुभदाने, गुडघ्यांसाठी भारतातून आणलेली अख्खी बाटली डिश सोपमध्ये मिसळून फवारली. शुभदा दिवसभर बोलली नाही. मोठ्या कामात असं होतं.

१७ मे
ढीग नऊ. म्हणजे घाबरलाय, बाहेरची वाट शोधतोय. एरंडेलावरून मीच घसरलो. कुणी पाहिलं नाही. जेराल्डने पाहिलं.

२ जून
ऑनलाइन चार सोलर खुंट्या मागवल्या. जमिनीत ठोकल्या की दर अर्ध्या मिनिटाला घूंऽऽ करतात. मोलला भूकंप वाटतो म्हणे.
देवयानी आणि जावई ऑफिसला. शुभदा लायब्ररीत इंग्लिश बोलायच्या क्लासला, एकटी, बसने. मला चला म्हणाली. म्हटलं, खुंट्यांवर लक्ष कोण ठेवणार? बसचं मला काही अवघड नाही. कधीही शिकेन.
दुपारी कोणाशी बोललो नाही. शांतता उत्तम.

११ जून
एक खुंटी वाकडी दिसली. तिच्या बुडाशीच ढीग. बहिरा असावा.

१ जुलै
कॅनडा डे. सगळे फायरवर्क्स बघायला गेले. मी पहाऱ्याला थांबलो. पहारा चांगला झाला. टीव्हीचा रिमोट सापडला नाही.

८ जुलै
निर्णय. वाफ्याभोवती दोन फूट खोल चर, त्यात तारेची जाळी. जेराल्ड म्हणाला, "काका, ढीग रेकने सपाट करा नि विसरून जा. तो माती भुसभुशीत करतो, तीही फुकट." बिचारा इथे राहून मवाळ झालाय.

१५ जुलै
निम्मा चर झाला. कंबर धरली. देवयानीने खणतानाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बाबा किती रमलेत!' अंगठे चौतीस.

२२ जुलै
फत्ते! जाळी पुरली, माती दाबली. कराडला विलासला फोन केला. माझा जुना मित्र. म्हटलं, तेरा-चौदा तारखेला पोचतो, नदीकाठच्या कट्ट्यावर माझी जागा धरून ठेव. म्हणाला, ती रिकामीच आहे. तसं मला इथे करमतंच. पण कट्ट्यावर माझ्याशिवाय वाद रंगत नाहीत.

२४ जुलै
मेथीत नवा ढीग. जाळीच्या आत.
जेराल्डने कुंपणावरून वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "काका, आता तो बाहेर कसा जाणार?"
मी म्हटलं, तोच तर प्लॅन आहे. पुढचा भाग अजून ठरलेला नाही.

२५ जुलै
एका बाजूची जाळी उपटली. चार तास. तो गेला नाही.

२६ जुलै, संध्याकाळ
जेवताना देवयानी म्हणाली, सरप्राइज आहे. तिने तिकिटं बदलून पुढच्या मेची केली. "बाबा, तुमचं बागेत इतकं मन लागलंय, ते अर्धवट टाकून कसं जाल? विंटरही बघा एकदा." तिचे डोळे भरून आले होते. शुभदाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, वा! आणि भात मागितला.
नंतर खोलीत शुभदा म्हणाली, "तुम्हाला जायचं होतं ना? मग बोलला का नाहीत?"
म्हटलं, छे, कोण म्हणतं?
"विलासभावजींचा फोन होता. स्टँडवर घ्यायला येतो म्हणत होते."
म्हटलं, तूच कळव त्याला. मला सध्या वेळ नाही.