आमची आठ अंकी संख्या

४ फेब्रुवारी, बुधवार

दूध पुन्हा करपलं. वाडीतून चाफा तोडून आले तर घरभर धूर, भांडं काळंठिक्कर. आणि हे अंगणात पेपर वाचत बसलेले! चांगली बोलले मी. तर म्हणे, "माझंच चुकलं गं."

सासूबाईंचंही असंच सुरू झालं होतं. शेवटी शेवटी मलाच विचारायच्या, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?" यांचंही तसंच व्हायचं का आता? धडकी भरलीय मला.

५ फेब्रुवारी

यांची परीक्षा घेतली. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, दुसरं येतंय काय मला? आमची संख्या विचारली — ७३९३९११३. लग्न झाल्यावर मीच पाठ करून घेतली होती यांच्याकडून. मूळ संख्या. उजवीकडून एकेक अंक पुसत जा, उरते ती मूळच, थेट सातापर्यंत. कितीही गळलं तरी उरलेलं धड राहतं, म्हणून माझी लाडकी.

हे म्हणाले, "त्र्याहत्तर, त्र्याण्णव, एक्याण्णव, तेहेतीस."

"तेरा हो. शेवटी तेरा."

माझ्याकडे बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "बरं. तेरा."



८ फेब्रुवारी

विहिरीचा पंप रात्रभर चालू. केळीत नुसतं तळं. "विसरलो असेन मी," म्हणाले. वाद नाही, चिडणं नाही — हा माणूस असा कधीच नव्हता. याचीच जास्त भीती वाटते.

९ फेब्रुवारी

पुन्हा विचारलं. पुन्हा तेहेतीस.

११ फेब्रुवारी

हेमांगीला, आमच्या लेकीला, इतक्यात कळू द्यायचं नव्हतं. पण यांनीच आचोळ्याला तिच्या घरी फोन केलेला दिसतो. तिने डॉक्टरांची वेळ घेतली. "आई, दोघंही या. दोघांचंही तपासून घेऊ."

माझं काय तपासायचंय? मी ठणठणीत आहे.

उद्या यांनी मला ओळखलंच नाही तर काय करू? झोपताना यांचा हात धरून ठेवते. लाज वाटते या वयात, पण सोडवत नाही.

१३ फेब्रुवारी

डॉक्टरांना समजावं म्हणून संख्या कागदावर मांडली. जुनी खोड, अंकांची बेरीज केली. छत्तीस.

छत्तीस म्हणजे तीनने भाग जातो. पाचवीतलं पोरसुद्धा सांगेल, ही मूळ नाही. तीनदा बेरीज केली. मग हेमांगीला कॉम्प्युटरवर बघायला लावलं. शेवटी तेहेतीसच. यांचीच बरोबर होती.

दूध गॅसवर कोणी ठेवलं होतं, विचारलं यांना. पंपाचंही विचारलं. हे उठून गॅस बंद आहे का बघून आले, आणि माझ्याजवळ बसले.