कोठीच्या दारामागची पावलं

बरबँक, कॅलिफोर्निया
९ फेब्रुवारी १९५३

प्रिय डेलियाताईस,
विनीचा स. न. वि. वि.

तू विणलेले लोकरीचे मोजे पोचले. इथे फेब्रुवारीत लिंबं पिकतात हे तुला किती वेळा लिहायचं? तरी ते घालूनच बसले आहे, कारण तुझ्या हातचं काही अंगावर असलं की मला भांडायला बळ येतं. आणि सध्या मी भांडते आहे.

आपल्या ‘पाहुणे आणि पुडिंग’ नाटकाचा सिनेमा होतोय. न्यूयॉर्कच्या रंगमंचावर मी जी ब्रिजेट स्वयंपाकीण इतकी वर्षं नाचले, ते काम लॉर्ना वेल्स नावाच्या पोरीला दिलंय. त्याचा राग नाही. साठीच्या बाईला कोण पुडिंग करायला ठेवणार? निवृत्तीतून मला उठवलं ते तिला नाच शिकवायला. पोर गुणी आहे, पाय जरा लाकडी आहेत.

राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. नाच बसवणाऱ्या प्रेस्कॉट साहेबांनी फर्मावलं की स्वयंपाकघरातल्या नाचातली थांबायची जागा काढून टाका. तीन झटपट ठोके, मग काहीच नाही, मग टाच हळूच ओढत नेणं, ती आपली जागा. पडद्यावर पाय थांबले की लोकांना यंत्र बिघडल्यासारखं वाटतं म्हणे. मी त्यांना सुनावलं की ही जागा माझ्या बहिणीने कॉन्व्हेंटमध्ये कोट ठेवायच्या खोलीत शोधली. ती आत नाचायची, मी दाराशी पहारा द्यायची, आणि व्हरांड्यात सिस्टर इमॅक्युलाटांच्या कमरेची जपमाळ वाजते का ते ऐकायला ती मधेच थांबायची. तुम्हाला जन्मात कुणाचा धाक असता तर कळलं असतं, असंही म्हटलं. त्यावर त्यांनी मला कॉफी घेण्याची विनंती केली.

ताई, नाच तुझा. बफलोला रंगमंचाची ती फळी मोडून तुझी कंबर गेली नसती तर ब्रिजेट तूच झाली असतीस. नाटकाच्या जाहिरातीत तुझं नाव कधी छापलं नाही. निदान ती जागा सिनेमात राहावी, एवढंच मला हवं आहे.

लोभ आहेच. वाढवायला आता या वयात जागा नाही, तेव्हा आहे तो जपावा.

तुझी
विनी


स्क्रँटन, पेनसिल्व्हेनिया
१७ फेब्रुवारी १९५३

चि. विनीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

लिंबांची पेटी मिळाली. अर्धी शेजारच्या मिसेस कोवाल्स्कींना दिली. त्यांनी तुझी चौकशी केली आणि अजून तशीच तडतडते का, असं विचारलं. मी हो म्हटलं.

बफलोच्या त्या फळीला मी केव्हाच माफ केलं, तूच अजून धरून बसली आहेस. कंबर थंडीत कुरकुरते, बाकी काठी घेऊन मी चर्चला जाते आणि मुलांना पियानोही शिकवते. तुझं देणं मी विसरलेले नाही. नाटकाला रविवारी सुट्टी असायची, तर झोप काढायची सोडून तू आगगाडीने इथे यायचीस आणि माझ्या खाटेशेजारी सगळा नाच नाचून दाखवायचीस, मी तो विसरू नये म्हणून. पलीकडून कोवाल्स्कीबाई भिंतीवर बुक्क्या मारायच्या, आणि तू म्हणायचीस की बाईंना ताल नाही. मला तेवढं पुरलं.

खरं सांगू का? तरी ती जागा राहावी असं वाटतं. नाच पाहिलेल्या लोकांपाशीच उरतो, आणि ते लोक एकेक करून चालले आहेत. पण त्यापायी तुझं काम जाणार असेल तर गप्प बस. गप्प बसायचा धडा सिस्टरांनी सगळ्या वर्गाला दिला होता. तू त्या दिवशी गैरहजर असावीस.

माया आहे तशीच ठेव.

तुझी
ताई


बरबँक
६ एप्रिल १९५३

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

हरले. चित्रीकरण संपलं आणि ती जागा गेली. लॉर्नाने बिचारीने एकदा माझ्याकडे बघत हळूच करून टाकली होती, पण प्रेस्कॉट साहेबांनी तो तुकडा फेकून दुसरा घेतला. पोर नंतर माझ्यापाशी येऊन रडली. मीच तिला रुमाल दिला. एवढ्या मोठ्या गावात तो एकच रुमाल इस्त्रीचा असावा.

आता आणखी एक गंमत ऐक. नाचताना पायांचा आवाज इथे धरतच नाहीत. नंतर अंधाऱ्या खोलीत फळ्यांवर कुणीतरी उभं राहायचं, पडद्यावरचे पाय बघत तसंच नाचायचं, आणि तो आवाज चित्राला जोडायचा. लॉर्नाच्या पायांसाठी मला बोलावलंय. म्हणजे पाय तिचे, ठोके माझे, आणि अक्कल प्रेस्कॉट साहेबांची. पडद्यावर जे नाही ते मी वाजवू शकत नाही, याचीच चीड येते.

माझ्यासाठी एक मेणबत्ती लाव. मोठी लाव.

तुझी
विनी


बरबँक
१२ ऑक्टोबर १९५३

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

आज थोडक्यात लिहिते. सिनेमा पुढच्या महिन्यात तुमच्या गावी लागेल. ब्रिजेट मालकिणीला घाबरून कोठीत पळते आणि दार बंद होतं, त्या ठिकाणी टोपी सावरत बसू नकोस, नीट ऐक. चित्रात फक्त बंद दार आहे आणि त्याला कान लावलेली मालकीण. आवाज धरणारे ऑस्कर लिंडक्विस्ट म्हणाले की कागदावर इथे नुसतं ‘आत पावलं वाजतात’ एवढंच लिहिलंय, कशी ते लिहिलेलं नाही. मी म्हटलं, बघते. नंतर त्या भल्या माणसाने पुन्हा घेऊ का असं विचारलं नाही. नुसता चष्मा पुसला. देव त्याचं भलं करो.

चाचणीच्या खेळाला लोक तिथेच सगळ्यात जास्त हसले. प्रेस्कॉट साहेब मला म्हणाले की ते पहिल्यापासून हेच सांगत होते. मी गप्प बसले. तो धडा अखेर आला.

जाताना कोवाल्स्कीबाईंना सोबत ने.

तुझी
विनी


स्क्रँटन
१५ नोव्हेंबर १९५३

चि. विनीस,
अनेक अनेक आशीर्वाद.

आज चर्चमधली रविवारची प्रार्थना संपल्यावर आम्ही दोघी गेलो. सुरुवातीच्या नावांत तुझं नाव नाही, माझं तर नाहीच. कोवाल्स्कीबाई पहिल्या गाण्यालाच पेंगल्या.

मग दार बंद झालं. आत तीन ठोके. मग काहीच नाही. मालकीण दाराला कान लावून उभी, आणि सगळं थेटर तिच्यासोबत कान लावून. मग ती टाच, अगदी हळूच ओढलेली. लोक इतके हसले की पुढचं बोलणं बुडालं. कोवाल्स्कीबाई खडबडून जाग्या झाल्या. त्यांनी तुझा नाच कधी पाहिलेला नाही, रविवारच्या रविवार भिंतीपलीकडून नुसता ऐकला आहे. भर थेटरात त्या मोठ्याने म्हणाल्या की अगं बाई, ही तर तुमची विनी, आणि पुढच्या खुर्चीच्या पाठीवर बुक्क्या मारायला लागल्या. पुढचा माणूस वळून बघायला लागला. तू म्हणायचीस ते खरं आहे, बाईंना ताल नाही.

मी रडले नाही. काठी धरून ताठ बसले आणि ऐकलं. तुझे उपकार मानायला शब्द शोधत घरी आले, ते अजून सापडलेले नाहीत. एवढंच लिहिते. शाळेत मी आत नाचायचे आणि तू दाराशी उभी असायचीस. आज आत तू होतीस आणि दाराशी मी.

सिस्टर आल्या नाहीत.

तुझी
ताई