जपून ठेवलेला रिपोर्ट

३ मार्च
गांधीबागेतल्या कापड दुकानातला सेल्समन आज परत आला. नाव इथंही लिहीत नाही. दिवाळीत एचआयव्ही निगेटिव्ह निघाला होता. तो कागद त्याने लॅमिनेट करून घेतलाय. टेबलावर ठेवला. "तुमीच म्हटलं होतं ना मॅडम, जपून ठेवा."
म्हटलं होतं. समुपदेशनाला येणाऱ्या सगळ्यांनाच म्हणते. पुढच्या वेळी कागद लागतो म्हणून.
ऑर्डरी घ्यायला बाहेरगावी जातो, तिथल्या बायांना तो दाखवतो. "हे पाहिलं की त्याबी काही म्हणत नाहीत. मंग कंडोम कशाले?"
आज पॉझिटिव्ह.
त्याने जुना कागद माझ्यापुढे सरकवला. "मंग हा खोटा हाये का?"
"तो त्या दिवसापुरता खरा होता."
हे दिवाळीतच सांगायला हवं होतं. रांग होती. घाई.
बायकोला पाचवा महिना. "तिले मीच सांगतो. शुक्रवारी आणतो."

७ मार्च, शुक्र.
आले नाहीत. फोनवर: "मार्केटमध्ये हाये मॅडम, उद्या."
दुपारी एका मुलीला रिपोर्ट देताना "जपून" एवढं तोंडात आलं. गिळलं.

१२ मार्च
फोन बंद. नियम मोडून दुकानात गेले. मालक शेजारीच. त्याने ओळख दाखवली नाही. "या मावशी, काय दाखवू? ब्लाउजपीस?"
"दाखवा."
हिरवा घेतला. तो कापड मोजू लागला. हळूच म्हटलं, "तिची तपासणी, औषध वेळेत झालं तर बाळ वाचतं. वेळेत."
"रंग जाणार नाही मावशी," मोठ्याने म्हणाला.
कापड अजून पिशवीतच. बाहेर काढवत नाही.

१७ मार्च
त्याची बायको आली. एकटीच. "मॅडमनं बोलावलं, एवढंच म्हणले हे."
दवाखान्यात तपासणीसाठी रक्त मागितलं तेव्हा तिने दिलं नव्हतं. "हे म्हणले, माहा रिपोर्ट हाये ना, तुले काय गरज?" रुमालात गुंडाळलेला तोच कागद काढला. "चांगला हाये ना मॅडम? मंग मले काहून बोलावलं?"
त्याच्या परवानगीशिवाय मला बोलता येत नाही. म्हटलं, "प्रत्येक गरोदर बाईची तपासणी करतो. तुमची राहिलीय. करायची?"
"करा ना. भ्यायचं काय त्यात."
रक्त आत लॅबमध्ये गेलंय. निकालाला अर्धा तास. टेबलाशीच बसून हे लिहितेय. ती बाहेर बाकावर. उकडतंय. त्याच रिपोर्टने वारा घेतेय.