चौऱ्याण्णव पावलांवर पाणी

१ ऑक्टोबर, दुपार
बोट आली. उजनीकडून, टेम्पोतून. फायबरची, निळी, चौदा फूट. आजपासून रोजनिशी लिहिणार, कारण अशा गोष्टींची सुरुवात कशी झाली ते नंतर कोणाला आठवत नाही.

टेम्पोवाला म्हणाला, पानी हितंच हाय, टेम्पो मागं घेतो, डायरेक्ट सोडू का पान्यात? नको म्हटलं. प्रत्येक गोष्टीची पद्धत असते. मोबाईलवर अमेरिकेतल्या एका गृहस्थांचे व्हिडिओ बघतोय. दणकट गाडी, मागे ट्रॉली, ट्रॉलीवर बोट. गाडी रिव्हर्समध्ये उतारावरून पाण्यापर्यंत जाते, बोट अलगद तरंगते, गृहस्थ टोपी सारखी करतात. तसंच करायचं. बोट अंगणात उतरवून घेतली. नाथसागराचं पाणी आमच्या बांधापासून चौऱ्याण्णव पावलांवर. स्वतः मोजली.

संध्याकाळी मच्छिंद्र येऊन गेला. धरणावर मासे धरतो, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून. तराफ्यावर एकच माणूस मावतो, जाळं लांब टाकता येत नाही. तेवढ्यावर भागत नाही, म्हणून दिवाळी झाली की तो, रंगुबाई आणि पोरगी दिशा ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातात. बोट मिळाली तर नवरा-बायको दोघं इथेच धंदा करतील. बोट माझी, मेहनत त्यांची, आम्हाला खायला मासे. मच्छिंद्रने बोटीवरून हात फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवतात तसा. शब्द दिला: दसऱ्याला बोट पाण्यात. तो म्हणाला, मंग नाना, मुकादमाला न्हाई म्हनून सांगतो.

४ ऑक्टोबर
गाडी कोणती घ्यायची यावर अभ्यास सुरू. मूळ प्रश्न: इंजिनाची ताकद कुठल्या चाकांना द्यायची? पुढची चाकं ओढणारी गाडी, मागची चाकं ढकलणारी गाडी, की चारही चाकं चालणारी, म्हणजे फोर बाय फोर? लोक रंग बघून गाडी घेतात. मी एकतीस वर्षं साखर कारखान्याच्या केन यार्डात उसाच्या गाड्यांना नंबर दिले आहेत. नुसत्या आवाजावरून ट्रॅक्टर कोणाचा ते सांगायचो. मला फसवणं अवघड आहे.

सुरेखाने विचारलं, त्या अमेरिकेतल्या मानसाचं तळं घरापासनं किती लांब हाय? सौभाग्यवतींना इंजिनिअरिंगचा गंध नाही.

१२ ऑक्टोबर, दसरा
बोटीची पूजा केली. अंगणातच. झेंडूचा हार, नारळ. मच्छिंद्र चार माणसं आणि दोन बांबू घेऊन आला होता. म्हणाला, नाना, धा मिनटाचं काम हाय, हातावर उचलून नेतो. त्यांना समजावलं: फायबर घासलं की खालून चर पडतात, अशास्त्रीय पद्धतीने बोटीचं आयुष्य कमी होतं. चहा पाजून परत पाठवलं. माणसं हसत गेली. मच्छिंद्र हसला नाही.

पाणी आज एकशे तीस पावलांवर. कॅनॉलला सोडलं असणार.

संकल्प: दिवाळीपर्यंत गाडी.

२१ ऑक्टोबर
नगरला शोरूमला गेलो. धनश्री नावाच्या मॅडम आहेत, हुशार. वापर काय, विचारलं. म्हटलं, बोट ओढायची. त्यांनी विचारलं, सर, तुम्ही कोकणातले का? म्हटलं, नेवासा तालुका. त्या आत जाऊन मॅनेजरला घेऊन आल्या. मॅनेजरने दोनदा विचारलं, बोट म्हणजे बोटच ना?

निष्कर्ष: बांधापासून पाण्यापर्यंत मुरूम आहे, तेव्हा मागच्या चाकांवर चालणारी टू व्हील पुरेल. जवळजवळ नक्की केलं. तरी घाई नको म्हणून आठ दिवसांचा वेळ घेतला.

टेस्ट ड्राइव्ह झाली. मी शेजारी बसलो. चालवत असलो तर गाडीचं निरीक्षण कसं होणार? आणि लायसन्सचंही बघावं लागेल. आत्तापर्यंत स्कूटरवर भागलं.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
देवाची कृपा. टू व्हील घेतली असती तर फसलोच असतो! पाणी तीनशे दहा पावलांवर गेलं. मुरूम संपला, खाली काळा गाळ उघडा पडलाय. मागची चाकं तिथे जागेवर भुर्रर्र फिरली असती. उशीर केल्याने किती फायदा होतो ते लोकांना कळत नाही.

आता फोर बाय फोरच.

मुकादम अजिनाथ मच्छिंद्रच्या घरी तीनदा येऊन गेला म्हणे. मच्छिंद्र विचारायला आला, नाना, किती दिस? म्हटलं, विषय नवीन वळणावर आहे.

९ नोव्हेंबर, सकाळ
टोळी गेली. मच्छिंद्रही गेला. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यात भांडी, पत्रे, गोधड्या, दोन शेळ्या आणि माणसं. सवयीने बघितलं: ट्रॅक्टर मागच्या चाकांवर चालणारा, चढाला त्रास होणार. रंगुबाईने माझ्याकडे बघितलं नाही. मच्छिंद्र मात्र खाली उतरून आला. म्हणाला, होडीवर कायतरी टाका नाना, उन्हानं फायबर तडकतं.

दिशा ट्रॉलीत दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. नववीला आहे, डोक्याने तल्लख, परीक्षेपुरती येईल आणि पास होईल. शाळा काय, सगळीकडेच असतात.

दोष मुकादमाचा. आठ दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं?

सुरेखाने कांद्याची भजी केली होती. जेवण गेलं नाही.

१५ डिसेंबर
फोर बाय फोरमध्येही पोटजाती आहेत. एकात चारही चाकं कायम चालतात. दुसऱ्यात पाहिजे तेव्हा खटका ओढून जोडायची. शिवाय लो गिअर, म्हणजे गाडी मुंगीसारखी चालते पण ताकद हत्तीची. शिवाय डिफरन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकदमच फिरतात. वही भरली, दुसरी आणली. धनश्री मॅडमना रोज एक प्रश्न पाठवतो. पूर्वी लगेच उत्तर यायचं, हल्ली अंगठा येतो. कामात असतील.

पाणी सहाशे पावलं.

११ जानेवारी
सुरेखाने बोटीत तूर वाळत घातली. ही बोट आहे, म्हटलं. ती म्हणाली, व्हय, लई चांगली वाळती, कडेनं वारं बी लागत न्हाई.

पाणी गेलं तिथे लोकांनी गाळात हरभरा पेरलाय. म्हणजे बोट आणि पाणी यांच्यामध्ये आता एक पीक उभं आहे. अमेरिकेतल्या गृहस्थांना ही अडचण नव्हती. त्यांना कमेंटमध्ये विचारलं. उत्तर नाही.

पावलं मोजणं बंद. गुडघा दुखतो.

१७ फेब्रुवारी
ड्रायव्हिंग क्लास, नेवासा. पहिला दिवस. गाडी अकरा वेळा बंद पडली. शिकवणारा म्हणतो, क्लच हळू सोडा काका. गाडीतच दोष होता. पुढच्या चाकांची गाडी, मला मानवत नाही.

३ मार्च
गंभीर शोध. ट्रॉली लावून रिव्हर्स घेताना स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉली डावीकडे जाते! व्हिडिओत हे कोणी सांगितलं नाही. सरावासाठी पाटी वाहायची हातगाडी स्कूटरला दोरीने बांधली आणि पायाने मागे रेटत नेली. हातगाडी ज्वारीत गेली, पाठोपाठ मी. सुरेखा बाहेर आली, बघितलं, परत आत गेली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१४ एप्रिल
टोळी परत आली. मच्छिंद्र वाळलाय. रंगुबाईच्या तळहाताला कोयता लागून खूण पडली आहे. मच्छिंद्र बोटीपाशी उभा राहिला. बोटीत कुरडया वाळत होत्या. मग त्याने पाण्याकडे बघितलं. इथून पाणी दिसत नाही.

त्याला फोर बाय फोरचं सगळं सांगितलं, लो गिअरसकट. पाऊण तास. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, बरं हाय नाना. आणि तराफा डोक्यावर घेऊन हरभऱ्याच्या रानातून चालत गेला.

लायसन्स मिळालं! तिसऱ्या खेपेला. पहिल्या दोन खेपेला परीक्षक घाईत होते.

९ जून
गाडी बुक केली. निर्णय झाला!! खटक्याने जोडायची फोर बाय फोर, लो गिअर, मागच्या डिफरन्शियलला लॉक. जिल्ह्यात इतका विचार करून कोणी गाडी घेतली नसेल. मॅनेजरने हात जोडले. आदराने असावेत.

१८ जुलै
गाडी घरी. पांढरी. पेढे. धनश्री मॅडमनी किल्लीची मोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती हातात देऊन फोटो काढला. वर नाशिककडे पाऊस चांगला आहे, धरणात पाणी येतंय. अंदाजे चारशे पावलांवर आलं. वेळ कशी अचूक साधली!

सुरेखा म्हणाली, अजून धा दिस थांबा, पानीच दारात येतंय. आता थांबू? गाडी घेऊन?

२७ जुलै, सकाळी ७
आज. गाडी तयार. ट्रॉली जोडली. कुरडयांचे तुकडे झाडून बोट ट्रॉलीवर चढवली, मच्छिंद्र, रंगुबाई आणि चार माणसांनी. हातावर उचलली. पाच मिनिटं लागली. टोपी घेतली आहे.

२७ जुलै, दुपारी १
रिव्हर्समध्ये दीडशे पावलं गेलो. ट्रॉली दोनदाच आडवी झाली. मग गाळ लागला. खटका ओढला, लो गिअर टाकला, लॉक लावला. चारही चाकं एकदम फिरली आणि चारही सारखीच रुतली, एक इंचही कमी-जास्त नाही. यंत्रणा उत्तम आहे.

मच्छिंद्र म्हणाला, होडी उतरवून घिऊ, र्‍हायलेली वाट आमी नेतो. नाही म्हटलं. एकदा पद्धत मोडली की मोडली. उद्या शेजारचा ट्रॅक्टर येईल, गाडी निघेल, मग पुन्हा पहिल्यापासून.

२८ जुलै
धो धो पाऊस. ट्रॅक्टरवाला म्हणाला, उघडू द्या. गाडी तिथेच. लॉक लावून आलो.

२९ जुलै
पाऊस. वरच्या धरणांतून पाणी सोडलं. धनश्री मॅडमचा फोन आला, सर, गाडीचा अनुभव कसा, बोट गेली का पाण्यात? म्हटलं, प्रगती आहे. पाच स्टार द्या म्हणाल्या. दिले.

३० जुलै, संध्याकाळ
सकाळी सुरेखाने हाक मारली, अहो, बाहेर या. पाणी आमच्या बांधाला टेकलं होतं. मधे गाडीचं पांढरं छत आणि आरसे. बोट ट्रॉलीवरून आपोआप उठली होती आणि दोरीने बांधलेली हेलकावे खात होती. मच्छिंद्र पोहत गेला, दोरी सोडली, बोट बांधाला आणली. रंगुबाई उडी मारून चढली. जाळं टाकून आले. दोन मोठे कटले मासे मिळाले, एक आम्हाला दिला.

दुपारी विमावाल्याने कागद मागितले. कागद गाडीच्या कप्प्यात. मच्छिंद्र म्हणाला, चला नाना, होडीतनं जाऊ. पहिल्यांदा माझ्या बोटीत बसलो. मधोमध बसा, हलू नका, म्हणाला. बसलो. गाडीची काच फोडून, आत हात घालून त्याने कागद काढले. लगदा झाला होता.

परत येताना मी बोलत होतो. काहीतरी बोलावं म्हणून. म्हटलं, मागच्या लॉकऐवजी पुढचा लॉक असता तर. तो वल्हं मारत राहिला. म्हटलं, आता टोळीला जायला नको ना? म्हणाला, आता कशाला जातोय नाना. बरं वाटलं. मग म्हटलं, दिशाची यंदा दहावी, बोर्डाचं वर्ष, तिला आता इथेच राहून नीट अभ्यास करता येईल.

मच्छिंद्र म्हणाला, न्हाई नाना. नववीच. वार्षिक परीक्षेला गावाकडं सोडत नव्हता मुकादम. ती बसलीच न्हाई परीक्षेला.

रागाने नाही म्हणाला. पाऊस किती झाला ते सांगावं, तसं सांगितलं. मग बांध आला आणि त्याने मला उतरायला हात दिला.

ते वर्ष माझ्यामुळे गेलं. दसऱ्याला ती माणसं अंगणात उभी होती आणि मी त्यांना चहा पाजला. मला फार लाज वाटते आहे. गाडीबद्दल, बोटीबद्दल पुष्कळ लिहिता येईल, पण आज लिहिवत नाही.

सुरेखाने कटल्याचं कालवण केलं आहे. दोनदा हाक मारून गेली. जातो जेवायला.