धुण्याच्या दगडाखालची पिल्लं

रेवती पोरी,

काष्टीला आक्काकडे जाऊन येतो. तू आंघोळीला गेलीस आणि माझी एसटी चुकेल, म्हणून हे लिहून ठेवतोय. दिशाला खिमट भरवलंय, पाळण्यात झोपलीय.

आज कपडे मागे दगडावर नको, न्हाणीत धुऊन गच्चीवर वाळत घाल. धुण्याच्या दगडाखालचं मुंगसाचं बीळ मी बुजवलं नाही. सकाळी सिमेंट कालवून खाली बसलो, तर मादी तोंडात पिल्लू धरून समोर उभी! पिल्लं कुंपणापलीकडच्या बाजरीत हलवायला गेली असेल, पण तिथे आता प्लॉट पडलेत, ती बिचारी जाणार कुठे? मी घमेलं मागे ओढलं, तशी ती माझ्या पायापासून हातभर अंतरावरून आत शिरली. मग आणखी दोन पिल्लं घेऊन आली. तोवर मी हललो नाही. गुडघे आखडले, पण लई बरं वाटलं.

कालवलेलं सिमेंट वाया जाऊ नये म्हणून मागच्या दाराची पायरी नीट केली. तिच्यावर संध्याकाळपर्यंत पाय देऊ नकोस.

परवा तू म्हणालीस, "पिल्लं मोठी झाली की आपण होऊन जातील, अण्णा." तेव्हा "या घरात माझं चालतं" म्हणून मी ओरडलो. तसं बोलायला नको होतं. पिल्लं आहेत तोवर दिशाला मागे न्यायचं नाही, एवढं मात्र माझं ऐक.

सातपर्यंत येतो. परवापासून तू माझं ताट झाकून ठेवतेस आणि आत निघून जातेस. आज झाकू नकोस. दोघं बरोबर जेवू.

अण्णा