रविवारच्या बाप्तिस्म्याआधी

क्लीव्हलंड, फेब्रुवारी १९२६

प्रिय कालोजेरोदादा,

बाळ झोपलंय, सासूबाई बाजारात गेल्यात, तेवढ्यात लिहिते. बाळाचं नाक थेट आपल्या बाबांसारखं आहे. गास्पारे चिडवायचा, "इन्कांदेलांचं नाक आमच्या घरात घुसलं!" हल्ली तो चिडवत नाही.

मक्याच्या साखरेवरून आपलं आणि या 'मुले' आडनावाच्या घराण्याचं कसं पेटलं होतं! दारूबंदीत चोरून दारू गाळणाऱ्यांना साखर कोणी विकायची, एवढ्यासाठी दोन्हीकडची तरणीताठी माणसं गेली. मग तू आणि माझे सासरे नुन्झियो समोरासमोर बसलात आणि उठलात तेव्हा माझं गास्पारेशी लग्न ठरलेलं होतं. मी रडले, तर तू म्हणालास, "रोझा, तुझ्या एका होकारानं कितीतरी आयांचं रडणं टळेल." मी गेले. आणि खोटं कशाला बोलू, गास्पारेवर माझा जीव जडला.

पण नाताळानंतर घराची हवा फिरली. सरोवरापलीकडून व्हिस्की आणणारा तो आयरिश डूलन आता सारखा जेवायला असतो. सासरे स्वतःच्या हातानं त्याला वाढतात. परवा मी कॉफी घेऊन गेले, तर तो म्हणत होता, "एका म्यानात दोन तलवारी कशाला, नुन्झियो? साखरेला मालक एकच हवा. तरच माझ्या होड्या तुझ्या." मला पाहून त्यानं विषय बदलला. सासरे गोड हसले. "सूनबाई, भाऊ नक्की येणार ना? बाळाच्या धर्मपित्याशिवाय बाप्तिस्मा कसला!"

काल पंगतीची मांडणी ठरली. तुझी माणसं खाली तळघरात, तू एकटा वर. तुझी खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराकडे पाठ करून. मी म्हटलं, दादाला भिंतीशी बसायची सवय आहे. सासूबाई फणकारल्या, "पाहुण्यानं बसवतील तिथं बसावं." मग त्यांनी काळा रेशमी पोशाख इस्त्रीला काढला. बाप्तिस्म्याला सुतकाचा काळा? तर म्हणाल्या, "असू दे. लागतो कधी कधी." मी गास्पारेला आडून विचारलं. त्यानं बाळाला माझ्या हातात दिलं आणि पुटपुटला, "बापाच्या शब्दापुढं मी कोण?" त्याचे डोळे भरले होते.

दादा, रविवारी येऊ नकोस. फादर बेनिन्यो हे पत्र तुझ्याच हातात देतील; त्यांना काही विचारू नकोस. तू आला नाहीस की कुणी कळवलं, हे इथं कुणाला शोधावं लागणार नाही. माझं मी बघेन. पण तुझा राग मला ठाऊक आहे. हे वाचून तू माणसं गोळा करशील. करशीलच, तर त्यांना सांगून ठेव: या घराच्या दारात सगळ्यात पुढं मी उभी असेन, कडेवर बाळ घेऊन. आणि माझ्यामागं गास्पारे असेल.

दोन्ही घरांची, तरी अजून तुझीच,
रोझा